गाठ बोटाखालून सटकली पाहिजे

"डॉक्टर, आवाळू आलंय, तेवढं काढून टाका," असं म्हणत माणूस खुर्चीत बसायच्या आधीच सदऱ्याची बटणं काढायला लागतो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षं सर्जन म्हणून काम करतोय, आणि असा पेशंट आठवड्यातून एकदा तरी येतोच. कुणी आवाळू म्हणतं, कुणी मांस वाढलंय म्हणतं. भरतीची तयारी करणारी पोरं मोबाइलवर वाचून आलेली असतात, ती सरळ 'लायपोमा' म्हणतात. बहुतेकांचं निदान बरोबरच असतं. मी लिहितोय ते उरलेल्यांसाठी.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या डॉक्टरांना दर वेळी हेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून काढतो. पेशंटनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त आरशासमोर ब्लेड घेऊन बसू नका. असा एक जण येऊन गेलाय. त्याची गाठ होती तिथेच राहिली होती, वर पू झाला होता.

लायपोमा म्हणजे चरबीच्या साध्या, पक्व पेशींची गाठ. बाहेरून पातळ पापुद्रा, आत द्राक्षाच्या घडासारखे कप्पे. शरीरात जिथे चरबी आहे तिथे ही कुठेही होते, म्हणून आम्हाला कॉलेजात 'युनिव्हर्सल ट्यूमर' असं शिकवायचे. पाठ, खांदे, मान, दंड आणि मांड्या या तिच्या आवडत्या जागा. वय बहुधा चाळीस ते साठ. काही घरांत बापाला, काकाला आणि मुलाला अंगभर बारीक बारीक गाठी असतात. "बारीक झालो की जाईल का?" हा प्रश्न ठरलेला. जात नाही. उलट भोवतालची चरबी उतरली की गाठ जास्त उठून दिसते.

तपासायच्या आधी विचारा. किती दिवस झाले? "लई वर्सं झाली, आता बायको मागं लागली म्हणून आलो" हे उत्तर ऐकलं की माझा जीव निम्मा भांड्यात पडतो. "दोन महिन्यांत लिंबाची मोसंबी झाली" म्हटलं की मी पेन खाली ठेवतो. दुखते का? साधा लायपोमा सहसा दुखत नाही. तरुण पोरांच्या हातावर बारीक, दाबल्यावर दुखणाऱ्या दोन-चार गाठी असल्या तर त्या बहुतेक अँजिओलायपोमा निघतात, म्हणजे चरबीत रक्तवाहिन्या मिसळलेल्या. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, घरात कुणाला टीबी, हे विचारायला विसरू नका. का ते पुढे सांगतो. शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, दात काढताना भुलीच्या इंजेक्शनचा त्रास झाला होता का, हेही विचारा. आणि आमच्या भागात हमखास विचारायचा प्रश्न: बिब्बा लावला का? गाठ जिरावी म्हणून बिब्ब्याचं तेल लावतात, कातडी भाजून फोड येतात, आणि पेशंट ते सांगायला लाजतो. बिब्ब्याची जखम भरल्याशिवाय त्या कातडीवर सुरी लावायची नाही.

आता हात. उजेडाकडे पाठ करून नव्हे, उजेडात बसवा. आधी नुसतं बघा. गाठीच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला तर ती चरबीची गाठ नव्हे, ती सिबेशियस सिस्ट. ती कातडीला चिकटलेली असते, तिच्यावरची कातडी चिमटीत वेगळी धरता येत नाही आणि फुटली तर घाण वासाचा, दह्याच्या चक्क्यासारखा मळ बाहेर येतो. लायपोमावरची कातडी मोकळी असते. मात्र गाठ एका बाजूला ढकलली की कातडीवर बारीक खळ्या पडतात, कारण आवरणापासून कातडीकडे काही धागे गेलेले असतात.

मग कड शोधा. हे मी नव्या माणसाचा हात धरून करून दाखवतो. तर्जनी गाठीच्या काठावर ठेवायची, टोकाने नाही तर बोटाच्या पेराने, आणि हळूच आत दाब द्यायचा. लायपोमाची कड बोटाखालून सुळकन सटकते, ओल्या साबणाच्या वडीसारखी. पुस्तकात याला 'स्लिप साइन' म्हणतात. जोरात दाबलं तर कळत नाही, हलक्या हाताने कळतं. सगळीकडून फिरून कड चारही बाजूंनी सटकते का ते बघा. एका बाजूला सटकली आणि दुसऱ्या बाजूला खोल गेली किंवा विरून गेली, तर तिथे थांबायचं.

मऊपणावर विसंबू नका. अंगाच्या उबेत चरबी इतकी मऊ असते की दोन बोटांत धरून मध्ये दाबलं तर आत पाणी आहे असं वाटतं. पाण्याची गाठ, चरबीची गाठ आणि थंड पू, तिन्ही मऊच लागतात.

शेवटी गाठीखालचा स्नायू ताणायला लावा. खांद्यावर असेल तर हात कमरेवर ठेवून दाबायला सांगा, पोटावर असेल तर निजून मान उचलायला सांगा. स्नायू ताणल्यावर गाठ उठून दिसली आणि तितकीच हलत राहिली तर ती स्नायूच्या वर आहे. बुजली किंवा हलेनाशी झाली तर ती स्नायूत नाहीतर त्याच्या खाली आहे, आणि ते काम जागेवरच्या भुलीत, दुपारच्या चहाआधी उरकायचं नाही.

आता माझी चूक. प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष असेल. एकोणीस वर्षांचा पोरगा, पाठीवर मणक्यापासून दोन बोटं बाजूला गाठ. मऊ, न दुखणारी, वरची कातडी गार. महिन्यावर भरती होती आणि मेडिकलमध्ये गाठीमुळे बाहेर काढतील ही त्याला धास्ती. मी तपासलं. तीन बाजूंनी कड बरी लागली, मणक्याच्या बाजूला ती विरत होती. मला ते कळलं होतं. ओपीडी भरलेली होती, पोरगा घाईत होता आणि मीही. दुसऱ्या दिवशी टेबलावर घेतला, कातडी कापली आणि पातळ, पांढुरका, दह्याच्या फुटीसारख्या गुठळ्या असलेला पू बाहेर आला. मणक्याचा टीबी. मणक्यातला पू मागे येऊन कातडीखाली साठला होता. त्याला 'कोल्ड ॲब्सेस' म्हणतात, कारण तो तापत नाही, लाल होत नाही, ठणकत नाही. मग एक्स-रे काढला, जो आधी काढायला हवा होता. दोन मण्यांमधली जागा बुजलेली होती. जखम चार महिने वाहत होती, गोळ्या वर्षाहून जास्त चालल्या, भरती हुकली. पोरगा बरा झाला. त्याचे वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून पाठीवरच्या किंवा बरगडीवरच्या गाठीला हात लावला की मी मणक्यावर मुठीने हळू ठोकून बघतो, आणि कड विरतेय असं वाटलं तर सोनोग्राफी केल्याशिवाय तारीख देत नाही. अशा पुवाला उभं कापायचंच नसतं. बाजूच्या निरोगी कातडीतून जाड सुईने ओढून घेतात, तपासायला पाठवतात आणि टीबीची औषधं सुरू करतात.

फसवणाऱ्या बाकीच्या जागा पटापट सांगतो. कानाच्या पाळीखालची किंवा कानापुढची गाठ लायपोमा समजायचीच नाही, ती पॅरोटिड, म्हणजे लाळेच्या ग्रंथीची धरून चाला, कारण त्यातून चेहऱ्याची नस, म्हणजे चेहरा हलवणारा मज्जातंतू, जाते. जांघेतली गाठ अवधाण, म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी, असेल, हर्निया असेल, आणि तिथे खोकायला लावल्याशिवाय मत देऊ नये. बेंबीच्या वर बरोबर मधल्या रेषेत वाटाण्याएवढी दुखरी गाठ असेल तर पोटाच्या पडद्यातल्या भोकातून चरबी बाहेर आलेली असू शकते. ती नुसती कापून उपयोग नाही, भोकही शिवावं लागतं. स्तनातली गाठ कितीही मऊ असो, तिला सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईची तपासणी हवीच. लहान मुलाच्या कमरेवर मधोमध चरबीची गाठ आणि वर केसांचा झुपका किंवा खळी दिसली तर हात जोडून एमआरआय आणि न्यूरोसर्जनकडे पाठवा. ती गाठ मज्जारज्जूला जोडलेली असू शकते. आणि ज्या गाठीत ठोका लागतो तिला विसरूनही सुई टोचू नका.

सोनोग्राफी सगळ्यांना करावी का? वर्षानुवर्षांची, लिंबाएवढी, चारही बाजूंनी सटकणारी गाठ असेल तर मी करत नाही. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, भराभर वाढणारी, दुखणारी, टणक, स्नायूच्या पडद्याखाली गेलेली, किंवा एकदा काढून परत आलेली गाठ, यातलं एक जरी असलं तरी आधी एमआरआय, मग लागल्यास कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढून तपासणी. लायपोसार्कोमा नावाचा चरबीचा कॅन्सर बहुतेक वेळा पहिल्यापासून कॅन्सरच असतो, साध्या गाठीचा कॅन्सर सहसा होत नाही. पण बाहेरून दोन्ही सख्ख्या भावांसारखे दिसतात, विशेषतः मांडीत खोलवर. ती गाठ तालुक्याला कापून मोकळं होण्याची नाही. चुकीच्या जागी छेद गेला की पुढच्या सर्जनला तेवढी जास्त कातडी आणि स्नायू काढावा लागतो. टाटाला किंवा जवळच्या कॅन्सर सेंटरला पाठवा आणि पाठवताना सुई टोचायचा मोहसुद्धा टाळा.

गाठ साधी ठरली तर काढायलाच हवी असं नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि निम्मे लोक नाराज होतात. दुखत नाही, आड येत नाही, वाढत नाही, तर राहू दे. वर्षातून एकदा दाखव. अंगावर चाळीस गाठी असतील तर ज्या दोन टोचतात त्या काढू, बाकीच्या तुझ्या आजोबांनीही सांभाळल्याच होत्या. इन्शुरन्सवाले कधी कधी दिसण्यासाठी काढली असं म्हणून दावा फेटाळतात, तेव्हा दुखणं, घर्षण, वाढ जे असेल ते केसपेपरवर पहिल्याच दिवशी लिहा.

मागच्या हिवाळ्यात बाजार समितीतला एक हमाल आला. उजव्या खांद्यावर, पोतं टेकतं नेमकं तिथे, ४ सेंटिमीटरची गाठ. पन्नास किलोचं पोतं त्यावर बसलं की हातभर मुंग्या. अशी गाठ काढायचीच. त्याच्याच निमित्ताने पद्धत सांगतो.

आधी खूण. पेशंटला ऑपरेशनच्या स्थितीत निजवून, कातडी साफ करायच्या आधी, मार्कर पेनने गाठीची कड आखा आणि पेशंटचं बोट तिच्यावर ठेवून "हीच ना?" विचारा. भुलीचं पाणी भरल्यावर कड हरवते, आणि गाठ सापडत नाही म्हणून कपाळावर घाम आलेले सर्जन मी पाहिलेत. छेदाची रेषा कातडीच्या नैसर्गिक ताणाच्या दिशेने आखा. हमालाच्या बाबतीत मी ती पोतं घासतं त्या कण्यावरून थोडी मागे घेतली. खांदा, छातीचं मधलं हाड आणि कानाची पाळी इथे व्रण जाड होऊन वर येतो, हे आधी सांगून सही घ्या.

मग भुलीचा हिशेब, जिथे नवी पोरं हमखास अडखळतात. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे १ मिलीत २० मिलिग्रॅम. साधं असेल तर वजनाच्या किलोला जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, ॲड्रिनलिन (रक्तवाहिन्या आकसणारं औषध) मिसळलेलं असेल तर किलोला ७. हमाल ६० किलोचा, म्हणजे साधं १८० मिलिग्रॅम, फक्त ९ मिली. ॲड्रिनलिनवालं ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २१ मिली. मी त्यात तेवढंच सलाइन घालून १ टक्का करतो. औषध तेवढंच राहतं, पण दुप्पट जागा भिजते. बोटांना ॲड्रिनलिन मी वापरत नाही, हृदयाच्या पेशंटला जपून. सुई बारीक, आधी मागे ओढून रक्त येत नाही ना बघायचं, आणि औषध गाठीत नाही, गाठीच्या चारही बाजूंनी आणि खाली, पतंगाच्या आकारात. मग घड्याळ लावून सात-आठ मिनिटं थांबा. सगळ्यात जास्त दुखतं ते न थांबल्यामुळे. ओठांना मुंग्या, कानात गुणगुण, तोंडाला धातूची चव, असं पेशंट म्हणाला तर तिथेच थांबा, ऑक्सिजन लावा. शिरेत लाइन आधीच हवी. गंमत अशी की या भुलीची बाधा झाली तर तिच्यावरचा उतारा म्हणजे २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन. चरबीच्या गाठीपायी झालेल्या दुखण्यावर चरबीचंच सलाइन. ते थिएटरात आहे ना, हे सिस्टरला सकाळीच विचारा.

छेद गाठीएवढा नको. निम्मा पुरतो, मऊ गाठीला तिसरा हिस्साही. कातडीखाली आधी साधी चरबी लागते, तिचे दाणे बारीक. त्याच्या खाली मोठे कप्पे आणि वर कांद्याच्या पापुद्र्यासारखं चकचकीत आवरण दिसलं की तुम्ही योग्य जागी पोचलात. निम्म्या चुका इथे होतात. एकतर साध्या चरबीलाच गाठ समजून ती खरवडत बसतात, नाहीतर आवरण फोडून आत शिरतात आणि गाठ तुकड्या-तुकड्यांनी काढतात. मग एखादा कप्पा मागे राहतो, आणि दोन वर्षांनी तोच पेशंट तीच गाठ घेऊन हजर. आवरण दिसलं की वाकडी मॉस्किटो (बारीक टोकाचा चिमटा) बंद करून आत घालायची आणि उघडत बाहेर काढायची, चारही बाजूंनी. सुटं होईल तसं बोट घाला. पाठीवर आणि मानेच्या मागे धागे इतके चिवट असतात की बोट चालत नाही, ते बघून कात्रीनेच कापावे लागतात. मानेच्या बाजूच्या त्रिकोणात मात्र आंधळेपणाने बोट फिरवू नका. तिथून खांदा उचलणारी नस कातडीच्या अगदी जवळून जाते. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूलाही नस तशीच उघडी असते. कपाळावरची गाठ बहुधा स्नायूच्या खाली निघते, तेव्हा वरच दिसत नाही म्हणून घाबरू नका.

हमालाच्या खांद्यावर चार-पाच धागे तोडले, असिस्टंटला दोन्ही अंगठ्यांनी बाजूंनी दाबायला सांगितलं, आणि गाठ भिजवलेला बदाम सालीतून निसटावा तशी छेदातून वर आली. इथे ओढायचं नाही. खाली बुडाशी बहुतेकदा एक रक्तवाहिनी असते, ती आधी कॉटरीने, म्हणजे विजेच्या चटक्याने, बंद करायची, मग गाठ सोडायची. ओढून तोडली तर ती वाहिनी आत पळते आणि संध्याकाळी जखम फुगते. गाठ हातात घेऊन सगळीकडून फिरवून बघा, पापुद्रा अखंड आहे का. मग पोकळीत बोट फिरवून एखादा दाणा राहिलाय का बघा.

पोकळी ३-० व्हिक्रिलने, म्हणजे विरघळणाऱ्या धाग्याने, बुजवा, कातडी नायलॉनने शिवा, वर दाबून ड्रेसिंग. पोकळी मुठीएवढी असेल तर एक-दोन दिवस नळी ठेवा. गाठ १० टक्के फॉर्मलिनमध्ये, गाठीच्या दहापट द्रावण असेल अशा बरणीत. ती वर तरंगते, नातेवाईक मोबाइलवर फोटो काढतात, काढू द्या. पण बरणी पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. "पैसे वाचतील, टाकून द्या" असं पेशंट म्हणतो तेव्हा ऐकायचं नाही. साधी समजून काढलेली गाठ कधीतरी साधी नसते, आणि ते कळण्याची तेवढी एकच जागा आहे.

टाके चेहऱ्याचे पाचव्या दिवशी, पोट-छातीचे दहाव्या, पाठ-खांद्याचे चौदाव्या दिवशी. अचानक सूज, ताप, ठणका, ड्रेसिंग भिजणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी या, बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका, असं कागदावर मराठीत लिहून देतो. हमालाला सांगितलं होतं, दोन आठवडे पोतं नाही. तो नवव्या दिवशी आला, खांद्यावर मऊ फुगवटा, एक टाका तुटलेला. पाणी साठलं होतं. सुईने ३० मिली पिवळसर पाणी काढलं, पुन्हा दाबून पट्टी बांधली, टाके सोळाव्या दिवसावर ढकलले.

"पोतं उचललं का?"

"न्हाय साहेब. कापलेल्या बाजूनं कसं उचलंन," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "डाव्या खांद्यावर दोन-चारच."